काजूच्या तेलाचा डाग

पावसाळ्यात राजापूरकडची माझी ओपीडी म्हणजे चिखल्या, गजकर्ण आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडच्या ट्यूबने चिघळलेलं गजकर्ण. दुपारपर्यंत बोलून बोलून घसा बसतो.

जुलैतल्या त्या दिवशी एक निवृत्त गुरुजी सुनेला घेऊन आले. पाठीवर रुपयाएवढी काळी, खरबरीत चामखीळ होती. सुनेच्या मोबाइलवर मेलॅनोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा कातडीचा कॅन्सर, ओळखायची ए-बी-सी-डी-ई ची यादी तयारच होती: दोन बाजू सारख्या नाहीत, कडा वेड्यावाकड्या, रंग एकसारखा नाही, ६ मिलीमीटरपेक्षा मोठी आणि हल्ली वाढलेली. पाचही अक्षरांत गुरुजी नापास. सून रडवेली झाली होती आणि गुरुजी तिच्यावरच चिडले होते.

मी डर्मोस्कोप टेकवला. हातात मावणारं, दिवा बसवलेलं भिंग ते. आत पांढरे बारीक दाणे, काळी भोकं आणि मेंदूवर असतात तशा वळ्या. बोट फिरवलं तर मेण चिकटवल्यासारखं लागत होतं. सेबोऱ्हिक केराटोसिस. वयोमानाने येणारी, कातडीच्या वरच्या थरातच राहणारी, कधीही कॅन्सर न होणारी वाढ. यादी खोटी नाही. पण ती १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी केली (शेवटचं ई नंतर जोडलं) ती गोऱ्या कातडीवरचे तीळ डोळ्यांसमोर ठेवून. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या पाठी त्या यादीने तपासल्या तर निम्मं गाव परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला पाठवावं लागेल. शिवाय आपल्या लोकांत मेलॅनोमा मुळात क्वचित, आणि होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली. त्यात उन्हाचा फारसा हात नसतो.

गुरुजी हसत गेले. त्यांच्यानंतर साठीचे एक काका, सोबत काकू. तक्रार चिखल्यांची. बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक, वास येणाऱ्या. औषध लिहिता लिहिता टाचेकडे लक्ष गेलं. बाहेरच्या बाजूला काळाकुट्ट पट्टा.

"हे काय?"

"काय नाय ता. काजीचा तेल हाय," काका म्हणाले.

काजूच्या टरफलाचं तेल. लावणीच्या चिखलात पाय फुटू नयेत म्हणून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावतात. जहाल असतं, कातडी भाजते आणि काळा डाग धरतो. वर्षभरापूर्वी काकांनी एका डॉक्टरांना हा पट्टा दाखवला होता, त्यांनीही तेलाचाच म्हणून सोडून दिला. त्यांना फार दोष द्यावासा वाटत नाही. डाग होताच तेलाचा. म्हणजे, तेलाचाही होता.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हा आहे. तळपायाला बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात: एक उंचवटा, एक खाच. घामाची छिद्रं उंचवट्यावर, भिंगातून पांढऱ्या ठिपक्यांच्या माळेसारखी दिसतात. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांतून धावतो, मेलॅनोमाचा उंचवट्यांवरून. काकांच्या टाचेवर रंग उंचवट्यांवर होता. पण घोळ असा की बाहेरून लागलेला रंगही उंचवट्यांवर बसू शकतो. मग भिंगाचं काम संपतं आणि ब्लेडचं सुरू होतं.

पाय कोमट पाण्यात भिजवायला लावला. १५ नंबरच्या ब्लेडने वरची मेलेली कातडी पापुद्र्या-पापुद्र्याने खरवडायला घेतली. काकांना गुदगुल्या होत होत्या, काकू त्यांच्यावर डाफरत होत्या. पांढऱ्या गॉजवर काळपट सालं जमत गेली. तेलाचा डाग मेलेल्या थरातच असतो, सालाबरोबर निघून येतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूचा काळेपणा निघालाही. खाली लहान मुलासारखी गुलाबी टाच. बाहेरच्या बाजूला मात्र वरचं जाड साल निघालं तसा रंग जास्तच स्वच्छ दिसायला लागला. तपकिरी, काळा आणि एका जागी निळसर राखाडी. तिथे बोटाला किंचित उंचही लागत होतं. मी ब्लेड ठेवलं.

एकाच टाचेवर दोन काळे रंग शेजारी शेजारी बसले होते.

दोन दिवसांनी तुकडा घेतला. टाचेत सुई सहन होत नाही, म्हणून घोट्यामागच्या नसेला भूल दिली. पट्टा पूर्ण काढण्याजोगा लहान नव्हता, तेव्हा उंच लागणाऱ्या जागेचा, रेघांना आडवा छेद घेऊन. तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीतून कोल्हापूरला. गावोगाव चामखिळी, भोवऱ्या जाळून देणारे आहेत, पदवीवाले आणि बिनपदवीचे. जाळलेलं काही लॅबला जात नाही. जातं ते कचऱ्याच्या डब्यात. हाच पट्टा तिथे गेला असता तर त्याची जाडी कुणाला कळलीच नसती, आणि पुढचं सगळं तर त्या जाडीवर ठरतं.

रिपोर्ट आला: ॲक्रल लेंटिजिनस मेलॅनोमा, म्हणजे तळपाय, तळहात, नखांचा मेलॅनोमा, जाडी कमीत कमी १.८ मिलीमीटर. दोघांना बसवून सांगितलं. जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, हाताला लागत नव्हतं, तेवढा दिलासा दिला. तरी आजार पसरला तर आधी जिथे पोचतो ती तिथली पहिली लसिकाग्रंथी तपासावी लागेल, आणि टाचेची जखम भरायला मांडीची कातडी लावावी लागेल, हेही सांगितलं. चिठ्ठी परळच्या टाटासाठी लिहिली. काकांनी आधी लावणीचं विचारलं, मग मुंबईच्या तुतारी एक्स्प्रेसच्या तिकिटाचं.

काकू गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तेल माझ्याच हातान लावलाय. त्यान झाला काय?"

नाही, म्हटलं. त्या तेलाने कातडी भाजते, हा आजार त्याने होत नाही. हे मी ठामपणे सांगू शकत होतो आणि सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"आन्‌ लावला नसता, तर आधी कळला असता काय?"

काका म्हणाले, चल गो, गाडी चुकेल. त्या उठल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, तेव्हा मी बघितलेलं नाही, त्यामुळे सांगता येत नाही. शब्दशः खरं होतं ते. पण गॉजवरची ती काळी सालं मी पाहिली होती, आणि पाय धरून ठेवायला शेजारी बसलेल्या काकूंनीही.