डीएससीच्या फॉर्मवरचा एक रकाना

चोपड्याकडे आप्पांच्या केळीच्या शेतात आठ वर्षं उन्हात पडलेली ठिबकची नळी आणि दुकानातून आणलेली कोरी नळी, दोन्ही तापवून काय फरक पडतो ते बघायचं, हा माझ्या एमएस्सीचा प्रोजेक्ट. मॅडमनी विषय ऐकल्या ऐकल्या हो म्हटलं. बांधावर जाऊन विळ्यानं तुकडे कापले, जळगावला आणले. दोन दिवसांचं काम. पुढचा सव्वा महिना एका फॉर्मनं खाल्ला.

आमच्याकडे डीएससी (नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारं यंत्र) नाही, टीजीएही (तापवताना वजन किती घटतं ते मोजणारं) नाही. नमुने बाहेरगावच्या एका उपकरण केंद्राला पाठवायचे. नाव घेत नाही, अजून माझा एक नमुना तिथंच आहे.

पहिल्या फॉर्मवर मी ‘नमुन्याचे नाव’ समोर ‘ठिबकची नळी’ लिहिलं. आठ दिवसांनी परत. शेरा : पॉलिमरचे नाव लिहा. चूक माझी, मान्य. दुसऱ्यांदा ‘एलएलडीपीई’ (पॉलिइथिलीनचाच एक प्रकार) लिहिलं, विभागप्रमुखांची सही, शिक्का, सगळं पुन्हा. परत आला. ‘विघटन तापमान’ हा रकाना कोरा आहे म्हणे. फोन केला तर तिकडचे साहेब म्हणाले, ‘ते टीजीए केल्यावर कळतं. आधी टीजीए करा.’ बरं. टीजीएचा फॉर्म काढला, तर त्यावर रकाना : ‘तापवल्यावर निघणारे वायू’. अहो, ते कळायलाच तर तापवायचंय! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत. तिसरा फॉर्मही परत आला तेव्हा जळगावचा पारा ४४ वर होता आणि माझा त्याच्याही वर.

आता राग निवल्यावर कळतं की प्रश्न चुकीचा नव्हता. डीएससीत नमुना ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या डबीत बंद करून तापवतात. त्यात पीव्हीसी गेलं आणि तापमान फार चढलं, तर हायड्रोजन क्लोराईड सुटतो आणि महागडा सेन्सर खातो. ठिबकची मेन लाइन बहुतेक पीव्हीसीचीच असते, म्हणजे ‘नळी’ म्हटल्यावर त्यांनी घाबरणं रास्तच. पण हे एका वाक्यात फोनवर सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते.

सुटका केली एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्यात मशीनवर असलेल्या आमच्या गल्लीतल्या भाऊनं. तो म्हणाला, ‘बादलीत टाक ना भो. तरंगली तर पीव्हीसी नाही.’ खरंच, पॉलिइथिलीन पाण्यापेक्षा हलकं, पीव्हीसी जड. दोन्ही तुकडे तरंगले. शिवाय तांब्याची तार लाल तापवून नळीला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली, हिरवी ज्योत आली नाही, म्हणजे क्लोरीन नाही. चौथ्या फॉर्मवर लिहिलं : क्लोरीन नाही, नायट्रोजनमध्ये विघटन सुमारे ४०० अंशांच्या वर (संदर्भ पुस्तकावरून), डीएससी चाचणी १८० अंशांपर्यंतच. तीन दिवसांत मंजूर. शेवटचे ते शब्द, ‘१८० अंशांपर्यंतच’, हे खरं तिकीट होतं. एलएलडीपीई साधारण १२०-१२५ ला वितळतं, त्यावर कशाला जायचं?

तोवर नमुनेही नीट झाले नव्हते, ते बरंच झालं. आप्पा फोनवर म्हणाले, ‘त्या नळीत खार बसेल शे, आपण ॲसिड ट्रीटमेंट करतो ना.’ माझ्या डोक्यातच नव्हतं! बोअरच्या पाण्याचा तो पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. टीजीएत ते ६०० अंशांच्या पुढे कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि वजन घटतं, नि मी ते प्लॅस्टिकच्या नावावर मांडलं असतं. पातळ ॲसिडनं धुतलं, मग साध्या पाण्यानं, मग डिस्टिल्डनं, आणि सावलीत वाळवलं. ओव्हनमध्ये रात्रभर ८० अंशांवर ठेवू नका. मी एक तुकडा ठेवला आणि मॅडम चिडल्या. उन्हानं नळीचं जे झालंय तेच तर बघायचंय, आपणच शिजवून तो पुरावा कशाला बदलायचा?

त्याच कारणानं पहिल्यांदा तापवतानाचा आलेख जपून ठेवायचा. एकदा वितळवून थंड केलं की जुना इतिहास बराचसा पुसला जातो. दुसऱ्या खेपेचा आलेख दोन नळ्यांची तुलना करायला बरा.

वजन ५ ते ८ मिलिग्रॅम पुरे. जुनी नळी पात्यानं कापताना तडकते आणि किसाएवढे तुकडे स्थिर विजेनं चिमट्यालाच चिकटतात. डबीच्या तळाला सपाट बसेल अशी चकती हवी, नाहीतर उष्णता नीट पोचत नाही. नमुन्याला बोट लावू नका. टीजीएत नायट्रोजनमधला टप्पा संपवून हवा सोडली की उरलेलं काळं, म्हणजे कार्बन ब्लॅक (नळी काळी करणारी पूड) तेही जळतं. तो टप्पा फॉर्मवर वेगळा मागावा लागतो, आपोआप करत नाहीत.

आणि बाटलीवर साध्या पेनानं नाव लिहू नका. माझं एक लेबल प्रवासात पुसलं. तिथं पडलेला नमुना तोच, आणि त्याच्यासाठी आता पाचवा फॉर्म मागितलाय.