डेंग्यूच्या रिपोर्टमधला पीसीव्ही बघता का?

गेल्या सप्टेंबरात धाकट्या भावाला डेंग्यू झाला. एनएस1 ही डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह, ताप 103, डोळ्यांमागे ठणका. चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि आईने लगेच देवापुढे साखर ठेवली, मऊ भात लावला, आम्हाला वाटलं सुटलो एकदाचे.

दुपारी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींचा रिपोर्ट, आला. प्लेटलेट 1 लाख 20 हजारांवरून 64 हजार. झालं, सगळं घर प्लेटलेटच्या मागे, मामा पपईची पानं घेऊन आले, आतेभावाने डोनरसाठी ग्रुपवर मेसेज टाकला. डॉक्टरांनी मात्र पहिल्या दिवशीचा रिपोर्ट मागितला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पीसीव्हीवर बोट ठेवलं. तेव्हा 41, आज 50. "पोटात दुखतंय का रे? लघवीला शेवटचं कधी गेलास?" तो म्हणाला काल रात्री. लगेच ॲडमिट.

पीसीव्ही म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के ते, काही लॅब हिमॅटोक्रिट लिहितात. डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्यांमधून पाण्याचा भाग पाझरून पोटात, छातीत जातो आणि पेशी आतच राहतात, मग डाळ आटल्यावर घट्ट होते तसं रक्त घट्ट होतं आणि हा आकडा चढतो. आणि हे नेमकं ताप उतरतो तेव्हाच होतं, पुढचे 24 ते 48 तास खरे धोक्याचे. प्लेटलेट झपाट्याने पडतायत आणि पीसीव्ही चढतोय, ही जोडी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या गाइडलाइनमध्ये धोक्याच्या खुणांमध्ये आहे.

हॉस्पिटलमध्ये दर सहा तासांनी पीसीव्ही, त्यावर सलाइनचा वेग कमीजास्त. मोजूनच द्यायचं, कारण पाझरलेलं पाणी दोनेक दिवसांत परत रक्तात येतं आणि आधीच जास्त दिलेलं असेल तर फुप्फुसात पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पीसीव्ही 43, प्लेटलेट 31 हजार, आमचे चेहरे पडलेले आणि डॉक्टर म्हणतात सुधारतोय! रक्तस्राव कुठेच नव्हता म्हणून प्लेटलेट चढवल्याच नाहीत, पाचव्या दिवशी घरी आला.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. आईचं हिमोग्लोबिन कायम 10 च्या आसपास, पीसीव्ही 31. उद्या तिला डेंग्यू झाला आणि पीसीव्ही 38 आला तर तो लॅबच्या रेंजमध्ये बसतो, ठळक अक्षरात छापूनसुद्धा येणार नाही, पण तिच्या स्वतःच्या आकड्यापेक्षा तो 20 टक्क्यांहून जास्त वाढलेला असेल, म्हणजे भावाइतकाच. तिचा जुना रिपोर्ट समोर नसेल तर हे कळणार कसं? आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन असंच कमी असतं.

परवा कपाटातली प्लास्टिकची पिशवी उपसून आईचे तीन वर्षांचे सीबीसी काढले, फोटो काढून आम्हा दोघा भावंडांच्या आणि बाबांच्या फोनमध्ये ठेवलेत, नावाच्या पुढे फक्त "पीसीव्ही 31" लिहून.