ओरखडा आणि व्रण

"बंपरवरचा ओरखडा राहू द्या, घेणाऱ्याची फसवणूक नको, माझ्या गालावरचा व्रण मात्र काढून टाका," असे आज एका ग्राहकाने पडद्याकडे पाहत अगदी सहज सांगितले. गाडीचे फोटो विक्रीच्या जाहिरातीसाठी होते आणि त्यांचा स्वतःचा फोटो लग्नाच्या बायोडेटासाठी.

गाडीचे काम सरळ होते. पोलरायझर, म्हणजे लेन्सवरचा चकाकी कमी करणारा फिल्टर, वेगवेगळ्या कोनांत फिरवून घेतलेल्या दोन फ्रेम फोटोशॉपमध्ये मास्कने, म्हणजे प्रत्येकीचा हवा तेवढाच भाग दाखवून, जोडल्या, तेव्हा बॉनेटवर प्रतिबिंब म्हणून उमटलेले विजेचे खांब व तारा नाहीशा झाल्या आणि मूळ रंग खुलला. चेहऱ्याचे तसे नसते. फ्रिक्वेन्सी सेपरेशन या फोटो सुधारण्याच्या पद्धतीत त्वचेचा रंग एका लेयरवर (थरावर) आणि पोत दुसऱ्या लेयरवर ठेवता येतो, त्यामुळे डाग पुसूनही रंध्रे शाबूत राहतात आणि पाहणाऱ्याला संशयही येत नाही. मुरूम चार दिवसांत जातो, म्हणून तो मी न विचारता काढतो. व्रण जन्मभराचा असतो.

फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, जाहिरातीतील मॉडेलचा बांधा संगणकावर बारीक किंवा जाड केला असेल, तर तसे नमूद करावे लागते. बायोडेटावर असे कोण छापणार, हा भाग अलाहिदा!

शेवटी व्रण असलेली आणि नसलेली अशा दोन्ही प्रती मी त्यांना दिल्या. मुलीकडे कोणती पाठवली जाईल, असे तुम्हाला वाटते?