जांबोटी सोडली की रुसणारा वायपर

गाडी १९८४ची, जर्मन, डिझेल. भर जुलैत बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये आली तेव्हा मालकांची तक्रार एवढीच होती: "बेळगावात चालतोय की हो नीट. जांबोटी सोडली की रुसून बसतोय बघा." चोर्ला घाटातून गोव्याला त्यांचं नेहमीचं जाणं-येणं. कणकुंबीच्या अलीकडं-पलीकडं मुसळधार कमी आणि धुक्यातली बुरबुर जास्त असली, की वायपर थांबून-थांबूनच चालवावा लागतो. सलग चालवला तर कोरड्या काचेवर रबर करकरतं.

स्लो आणि फास्ट दोन्ही ठणठणीत होते. म्हणजे मोटर, लिंकेज, फ्यूज यांच्या वाटेला जायचं कारण नव्हतं. तरी आधी कुणीतरी मोटर बदलली होती, मग स्टिअरिंगजवळची दांडी बदलली होती आणि शेवटी रिले, म्हणजे थांबून-थांबून चालण्याची वेळ मोजणारी डबी, त्याच आकाराचा दुसरा दाबून बसवला होता. तो बसवताक्षणी फ्यूज उडाला. यात नवल नाही. अशा रिलेंचे पाय एकाच साच्यातले दिसतात, पण कुठल्या पायावर काय येतं ते वेगळं असतं. आकार नव्हे, पायाशेजारचा आकडा बघायचा: १५ म्हणजे चावीनंतरचा प्लस, ३१ म्हणजे अर्थ (अर्थिंग, बॅटरीच्या मायनसशी जोड), ५३एम मोटरकडं जाणारा, ५३एस स्विचकडून येणारा, ३१बी मोटरमधल्या, पाती खाली आणून थांबवणाऱ्या पार्किंग कॉन्टॅक्टचा आणि आय म्हणजे इंटरवल.

गाडी थंड असताना फोनच्या घड्याळावर १० फेऱ्या मोजल्या. दोन फेऱ्यांच्या मधला थांबा, म्हणजे डिले, ५ सेकंदांचा हवा, सरासरी आली ३.६. नंतर बॉनेट बंद ठेवून इंजिन ४० मिनिटं चालू ठेवलं. डिले ६ झाला, मग ८, मग ११, आणि मग वायपर हललाच नाही. थंडीत घाई, गरमीत दिरंगाई. एकाच जागी दोन उलटे दोष दिसले, की बहुतेक जण दोन बिघाड शोधत बसतात.

आधी अर्थिंग तपासलं. वायपर चालू ठेवून ३१ नंबरचा पाय आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात मीटर लावला, तर ०.७ व्होल्ट दिसले. ०.२ च्या वर काहीही दिसलं तर बोल्ट उघडायचा. फायरवॉलवरचा बोल्ट उघडून गंज घासला, चकती बदलली, ०.०८ वर आलं. डिले मात्र तसाच राहिला. ते काम करायचंच होतं, पण दुखणं ते नव्हतं.

मग ३१बी. पाती खाली बसलेली असताना या तारेवर शून्य व्होल्ट हवेत, पाती फिरत असताना १२. इथं तसंच होतं. हा कॉन्टॅक्ट कळकटला तर पाती काचेच्या मध्येच थांबते, कारण रिले फक्त धक्का देतो, पुढची फेरी पुरी करतो तो हा कॉन्टॅक्ट. आमची पाती दर वेळी जागेवर परतत होती.

उरला रिले. बॉनेटखालच्या फ्यूजपेटीतून काढून टेबलावर घेतला. १५ आणि आय ला १२ व्होल्ट, ३१ ला मायनस, मोटरच्या जागी ५३एम वर ५ वॅटचा बल्ब. बल्ब दर साडेतीन-पावणेचार सेकंदांनी पेटला. हेअर ड्रायरनं ६५ अंशांपर्यंत तापवल्यावर तो पेटायचाच थांबला. घाटातला बिघाड टेबलावर आला, तेव्हाच निम्मं काम झालं.

झाकण उघडलं. आत १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कॅपॅसिटर (वीज साठवणारी घागरच म्हणा), त्याला भरणारा ५६ किलोओहमचा रेझिस्टर (हिरवा, निळा, नारिंगी पट्टा), एक ट्रान्झिस्टर आणि रिलेची कॉइल. अमेरिकन इंजिनिअर रॉबर्ट कर्न्सनं १९६४ साली अर्ज करून १९६७ मध्ये ज्याचं पेटंट मिळवलं, ती युक्तीही याच जातीची: कॅपॅसिटर सावकाश भरू द्यायचा, ठरावीक व्होल्टेजला पोचला की वायपर हलवायचा. या रिलेत ती पातळी ७.१ व्होल्ट निघाली. ५६ किलोओहममधून १०० मायक्रोफॅरड तिथं पोचायला बरोबर ५ सेकंद लागतात.

जुना कॅपॅसिटर सुटा करून मोजला तर ७१ मायक्रोफॅरड. घागर लहान झालेली, म्हणून लवकर भरायची. मग गळती, म्हणजे भरलेली वीज आतल्या आत किती झिरपते ते, मोजली. पद्धत सोपी आहे: १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून १२ व्होल्ट द्यायचे, दोन मिनिटं थांबायचं आणि त्या रेझिस्टरच्या दोन टोकांवरचे व्होल्ट बघायचे. थंड असताना ०.०९ व्होल्ट, म्हणजे ९ मायक्रोअँपियर. ६५ अंशांना १.३ व्होल्ट, म्हणजे १३० मायक्रोअँपियर. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरची गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते, ती ही. आता ७.१ व्होल्टपाशी ५६ किलोओहममधून येणार जेमतेम ८७ मायक्रोअँपियर. गळती तेवढ्यावर गेली की घागर काठापर्यंत भरतच नाही. नुसती क्षमता मोजणाऱ्या मीटरवर हा दोष कधीच दिसला नसता.

नवा घातला तो १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशांपर्यंत टिकणारा. ८५ अंशांचा माल स्वस्त पडतो, पण इंजिनशेजारच्या पेटीत तो घालू नये. ६३ व्होल्टचा उंच असतो, झाकण बसत नाही. मायनसच्या बाजूची आधी खूण करून ठेवली. जुन्याच्या बुडाशी ओघळलेलं त्याच्या आतलं पाणी तांब्याच्या पट्टीवर हिरवं झालं होतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, २५ वॅटच्या सोल्डरिंगच्या कावियानं डाग दिला. जास्त वॅटचा काविया वापरला की पट्टी उचलून येते. भिंग लावून पाहिलं तर कॉइलच्या दोन पायांभोवती केसाएवढी गोल चीर. जुनं शिसं पूर्ण ओढून नवं भरलं. नुसतं वरून तापवलं तर चीर सहा महिन्यांत परत येते.

टेबलावर थंड ५.२ सेकंद, ६५ अंशांना ५.३. मग गाडी कणकुंबीपर्यंत नेली, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये तापवत. बुरबुर होतीच. १० फेऱ्यांची सरासरी ५.३.

आधी काढलेली मोटर मालकांनी डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवली होती. परत आल्यावर टेबलावर लावली. दोन्ही वेग बरोबर, पार्किंग कॉन्टॅक्टही स्वच्छ. पुन्हा गुंडाळून डिकीत ठेवून दिली.