गुलमर्गचा उतरता हंगाम: बेळगावहून निघणाऱ्यांसाठी

"आता कसला बर्फ राहतोय? जानेवारीत जायचं होतं की!" मार्चअखेर गुलमर्गला निघतोय म्हटल्यावर टिळकवाडीत भेटेल तो हेच म्हणत होता. पण पुतण्याची पीयूसीची (कर्नाटकातली अकरावी-बारावी) परीक्षा संपल्याशिवाय निघणं शक्यच नव्हतं. गुढीपाडवा केला आणि मी, धाकटा भाऊ, भावजय आणि पुतण्या असे चौघं गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघालो. मामा मराठा रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, काश्मिरात त्यांनी दोन हिवाळे काढलेत. ते एवढंच म्हणाले, "जावा की. पण रात्री आकाश बघून झोपा आणि सकाळचा बर्फ सोडू नका."

जानेवारीत गेलं म्हणजे बर्फ मिळतोच असंही आता उरलेलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं पडलं होतं. २०२५ च्या खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धाही पुरेसा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. त्यामुळे मार्चअखेर जायचं म्हणून मन खट्टू करून घेऊ नका.

आम्ही गोवा एक्स्प्रेसने दोन रात्रींत दिल्ली गाठली आणि तिथून विमानाने श्रीनगर. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून दिल्लीचं विमान धरलं तर दोन दिवस वाचतात. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड असू द्या. गंडोलाची, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेची, तिकिटंही आधीच ऑनलाइन काढून ठेवा.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. आम्ही पोचलो तेव्हा खालच्या मैदानात जागोजागी पिवळं गवत उघडं पडलं होतं, मधे चिखल. भावजयीचा चेहरा उतरला. पण गंडोलाचा पहिला टप्पा कोंगदोरीला, सुमारे ३,१०० मीटरवर नेतो, आणि तिथे सगळं पांढरंशुभ्र होतं. आमची शिकवणी तिथेच झाली. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. तिथले उतार नवशिक्यांचे नाहीत आणि वारा सुटला की तो टप्पा बंदच ठेवतात. वर जाऊन डोंगर बघून या, पण स्की घालून तिथून उतरायचा मोह धरू नका.

या दिवसांतला बर्फ घड्याळाप्रमाणे बदलतो. दिवसा ऊन लागून वरचा थर वितळतो आणि निरभ्र रात्री तो पुन्हा गोठतो. पहिल्या गंडोलाने वर गेलो तर पायाखाली काचेसारखं कडक. स्की खरखरते, वळता वळत नाही. तासाभराने ऊन चढलं की वरचा बोटभर थर सुटा होतो. मी हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलला, तर जोंधळ्याच्या दाण्यांसारखे गोल, ओलसर दाणे बोटांतून गळाले. याच बर्फावर स्की सहज वळते, पडलं तरी लागत नाही. पुतण्या पहिलं सलग वळण घेऊन खाली आला तो याच वेळी, आणि भर डोंगरावर त्याने आम्हाला अशी हाक मारली की शिकवणाराही हसला. पूर्वेकडचा उतार आधी मऊ होतो, पश्चिमेकडचा उशिरा. आधी इकडे, मग तिकडे असं केलं तर ही वेळ दीड-दोन तास पुरते.

बारा-एकनंतर मात्र तोच बर्फ खानापूरकडच्या लावणीच्या चिखलासारखा होतो. तिसऱ्या दिवशी दोन वाजता भाऊ "एकच फेरी" म्हणून गेला. स्की रुतली, अंग पुढे गेलं आणि गुडघा पिरगळला. सावकाश पडताना बूट स्कीतून सुटतोच असं नाही. त्याचे पुढचे दोन दिवस शेकण्यात गेले, मला अजून वाईट वाटतं. दुपारी स्की परत करा, चहा घ्या, झोपा. तीव्र उतारांवर दुपारी ओल्या बर्फाचे लोट सुटतात, तोही धोका खराच आहे.

रात्री ढग असतील तर बर्फ नीट गोठत नाही, सकाळपासूनच तो भिजलेला लागतो. मामांचं "आकाश बघा" म्हणजे हेच. आम्ही रोज जेवण झालं की बाहेर येऊन चांदण्या बघत होतो.

भाड्याच्या बुटांकडे नीट लक्ष द्या. पहिल्या दुकानात मला एक माप मोठे बूट दिले, दिवसभर टाच वर उचलली जात होती. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की मागे सरावीत. मोजा एकच, लांब घाला. दोन घातले की चुण्या पडून सोलवटतं. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत. वरून पाणी न झिरपणारं जाकीट, आणि हातमोज्यांचे दोन जोड हवेतच, कारण दुपारपर्यंत एक चिंब होतो. ऊन बर्फावरून उलटून येतं, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. पुतण्याची तिथलीच कातडी निघाली. काळ्या चष्म्याशिवाय दहा मिनिटंही राहू नका.

शिकवणाऱ्याशी दिवसाचा दर, त्यात सामान धरलंय का, हे आधीच बोलून घ्या. त्यांची वर्षाची कमाई या तीन-चार महिन्यांच्या बर्फावर असते. ठरलेला पैसा त्याच दिवशी हातात द्या. निघायच्या महिनाभर आधी आठवड्यातून दोनदा बेळगावजवळचा राजहंसगड चढून उतरा. मांड्यांना तेवढी तयारी लागतेच.

शेवटच्या रात्री आकाश भरून आलं, म्हणून सकाळी वर गेलोच नाही. स्की परत देऊन श्रीनगरला उतरलो. मार्चअखेरीस दल सरोवराजवळची ट्यूलिप बाग उघडते, तिथे सकाळ काढली. भावाला गुडघ्यामुळे बाकावर बसून राहावं लागलं, तर भावजयही त्याच्याजवळच बसली. परतीच्या दिवशी विमानतळावर तीन तास आधी पोचा, तपासणी एकापेक्षा जास्त ठिकाणी होते.