सायकल मेकॅनिक व्हायचे आहे, पण शिकायचे कुठे?

मागच्या महिन्यात एक गृहस्थ दहावी झालेल्या मुलाला घेऊन माझ्या पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये आले. “अभ्यासात गोडी नाही, पण घरातली प्रत्येक वस्तू उघडून बघतो. सायकलच्या कामात पोट भरेल का?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मुलगा माझ्याकडे न बघता स्टँडला लावलेल्या सायकलीच्या मागच्या डिरेलरकडे (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाकडे) बघत होता. त्या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर, मोटार मेकॅनिक असे व्यवसाय रीतसर शिकवले जातात. सायकलदुरुस्ती मात्र आपल्याकडे आजवर सायकल मार्टच्या पायरीवर बसूनच शिकली गेली. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या ॲशलँड येथे युनायटेड बायसिकल इन्स्टिट्यूट १९८१ साली सुरू झाली आणि ब्रिटनमध्ये ‘सायटेक’ ही टप्प्याटप्प्याची प्रमाणपत्रे दुकानदारांना परिचयाची आहेत, परंतु दहावी झालेल्या मुलाला त्यासाठी परदेशी पाठवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

मी स्वतः साताऱ्यात मामांच्या दुकानात शिकलो. पहिले सहा महिने पंक्चर आणि ओव्हरऑइलिंग (ओव्हरहॉलिंगला आमच्याकडे सर्रास असेच म्हणतात) एवढेच काम होते. साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) एका बाजूला दहा बारीक छर्रे आणि मागच्या हबमध्ये एका बाजूला नऊ मोठे छर्रे बसतात, हे मामांनी कधी सांगितले नाही. एकदा एक छर्रा फरशीवरून घरंगळत गटारात गेला आणि चाक खडखडू लागले, तेव्हा ते कळले. त्यानंतर आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला मिळाला. चाक फिरवत ठेवायचे, ब्रेकच्या रबराजवळ रिम नेमकी कुठे सरकते ते डोळ्याने टिपायचे, ती उजवीकडे जात असेल तर त्या जागेच्या डाव्या तारा पाव फेरा आवळायच्या आणि उजव्या तेवढ्याच सैल करायच्या. हे वाचायला सोपे आहे, पण पाव फेऱ्याऐवजी अर्धा फेरा देण्याचा मोह आवरण्यात माझे अख्खे वर्ष गेले.

हे जुने शिक्षण आवश्यक असले तरी आज तेवढ्यावर भागत नाही. पुण्यात आल्यावर एका ग्राहकाच्या शिमानो कंपनीच्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्क ब्रेकमध्ये मी मोटारसायकलचे ब्रेक ऑइल भरले. त्या ब्रेकला मिनरल ऑइल लागते, आणि मोटारसायकलच्या डॉट प्रकारच्या ऑइलने त्यातली रबरी सीले फुगतात, हे मला ठाऊक नव्हते. दोन दिवसांत लिव्हर जाम झाला आणि नवा ब्रेक मला स्वतःच्या खिशातून द्यावा लागला. कार्बनच्या सीटपोस्टचा (सीटखालच्या दांड्याचा) बोल्ट अंदाजाने नव्हे, तर त्यावर छापलेल्या न्यूटन-मीटरच्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळायचा असतो, आणि चेन झिजून किती लांबली आहे हे गेज लावून मोजायचे असते. यातले बहुतेक शिक्षण पार्क टूल या अवजारे बनवणाऱ्या कंपनीच्या व्हिडिओंतून आणि शिमानोच्या मॅन्युअलमधून फुकट मिळते. ते इंग्रजीत असते, ही अडचण खरी आहे. मीही सुरुवातीला शब्दकोश शेजारी ठेवूनच बसत असे.

आता पोटाचा प्रश्न. मोठ्या सायकल शोरूमना असेंब्ली आणि सर्व्हिससाठी माणसे लागतात, आणि खोक्यातून आलेली गिअरची सायकल बिनचूक जुळवणारा मुलगा तिथे सहसा रिकामा राहत नाही. दुसरे काम हौशी सायकलस्वारांचे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करण्याच्या ब्रेव्हेमध्ये (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीमध्ये) वाटेतली दुरुस्ती स्वारानेच करायची असते, त्यामुळे त्याआधीचा आठवडा आमच्यासाठी दिवाळीसारखा असतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकलशर्यत पूर्ण केली, तेव्हापासून महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची चर्चा अधिक होऊ लागली, असे माझे निरीक्षण आहे. तिसरे काम विजेच्या सायकलींचे. मोटर अडीचशे वॅटच्या आतली असेल आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत बंद होत असेल, तर अशा पॅडलच्या सायकलीला नोंदणी वा परवाना लागत नाही; सायकल दुकानांनी मल्टिमीटर हाती धरला नाही तर हे काम दुसरीकडे जाईल, हे उघड आहे.

अडते ते मजुरीपाशी. साठ हजारांची सायकल घेणारा माणूसही दोन तासांच्या कामाचे नऊशे रुपये ऐकून “एवढे? नुसता आउटच तर काढला!” असे म्हणतो. मामांनी आयुष्यभर पार्टच्या किमतीतच मजुरी लपवली. आज पार्ट ऑनलाइन मागवून हातात आणून देणाऱ्या ग्राहकापुढे ती लपवायला जागा उरलेली नाही. म्हणून मी भिंतीवर दरपत्रक लावले. पहिल्या वर्षी त्यामुळे काही ग्राहक तुटले आणि पावसाळ्यात, एरवीही काम मंदावते तेव्हा, दुकानाचे भाडे उसने घेऊन भरले. दुसऱ्या वर्षापासून मात्र एका मदतनिसाचा पगार त्यातून निघू लागला.

त्या गृहस्थांना मी हे सगळे सांगितले आणि मुलाने दोन महिने विद्यावेतनावर यावे, मग दोघांनीही ठरवावे, असे सुचवले. तो सोमवारी आला. मी त्याच्यापुढे एक जुना मागचा हब, रॉकेलची वाटी आणि फडके ठेवले, आणि छर्रे किती ते मात्र सांगितले नाही.