व्हीलचेअरची कचरागाडी
मी न्यू जर्सीत एका शाळेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांचं लिहिणं, बटणं लावणं, डबा उघडणं, हाताची सगळी कामं माझ्याकडे. ३१ ऑक्टोबरला दुपारी आमच्याकडे हॅलोविन परेड असते, पोरं कॉस्च्युम घालून पार्किंग लॉटला चक्कर मारतात आणि आईबाप कडेला उभे राहून फोटो काढतात. यंदा सगळ्यात भारी होती ती दुसरीतल्या एका पोराची कचरागाडी, वडलांनी घरच्या गॅरेजमध्ये बनवलेली.

पोराला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही, पॉवर व्हीलचेअर वापरतो, जॉयस्टिक उजव्या हाताला. दुकानातले कॉस्च्युम उभ्या मुलाच्या मापाने शिवलेले असतात, बसलं की पोटाशी गोळा होतात, आणि केप तर चाकात अडकते. वडलांनी खुर्चीचाच ट्रक केला. पीव्हीसी पाइपचा सांगाडा, त्यावर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, हिरवा रंग, पुढे बॅटरीवरचे दिवे, आणि सगळं झिप टायने बांधलेलं, म्हणजे वेळ आली तर कात्रीने पटकन सुटेल. इथे कायद्याने दाराची मोकळी रुंदी कमीत कमी ३२ इंच लागते, त्यांनी आख्खा ट्रक ३० इंचात बसवला आणि वळताना छोटी चाकं जिथे फिरतात तिथला पुठ्ठा गोल कापला. इतका विचार! मी बघतच राहिले.

पण खरी कमाल डाव्या बाजूला होती. एक दांडा, तो पुढे ढकलला की कप्पीवरून दोरी ओढली जाते आणि बाजूचा छोटा डबा वर जाऊन मागच्या खोक्यात उलटा होतो. दांड्याला पाण्याच्या पाइपला गुंडाळतात तो फोम लावलेला, कारण बारीक वस्तू त्याच्या मुठीत राहत नाही. या पोराचा डावा हात स्नायू आखडल्यामुळे कोपरात दुमडलेला असतो, तो सरळ करायला मी त्याच्यापुढे शंकू ठेवते, रिंगा ठेवते, आणि तो थोड्या वेळाने कंटाळून मान फिरवतो. त्या दिवशी मुलं रांग लावून डब्यात स्टिकर, पेन्सिली, खोडरबर टाकत होती आणि हा प्रत्येकासाठी दांडा ढकलत होता, कोपर पूर्ण सरळ, खांद्यातून जोर लावून, चेहरा लालबुंद, आणि वर ट्रक मागे घेताना येतो तो बीप बीप आवाज तोंडाने!

संध्याकाळी ट्रिक-ऑर-ट्रीटला, म्हणजे घरोघरी चॉकलेटं मागायला, गेले तेव्हाचं आईने सांगितलं. इथे बऱ्याच घरांना दारापुढे पायऱ्या, त्यामुळे एरवी हा खाली थांबायचा आणि ती वर जाऊन चॉकलेटं आणायची. यंदा लोकच खाली उतरून डब्यात टाकत होते, काही जण तर डबा परत वर जाताना बघायला मिळावा म्हणून दोनदा.

आता वडलांना विचारलंय, दांडा आणि कप्पी शाळेत द्याल का, माझ्या टेबलाला क्लॅम्पने लावते. ते हो म्हणालेत. डबा मात्र पोरगा द्यायला तयार नाहीये.